‘लाईन’ गोळा करणारे मामा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत लोकांच्या दहाव्याला आनंदाने जाणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. गैरसमज नको. कुणी गेल्याचा आनंद त्यांना होत नाही, गेलेल्यासाठी जमलेल्यांचा होतो. “जावईबापू, सत्तरीच्या पुढची शे-दीडशे माणसं सकाळी आठ वाजता एका मांडवात, तीही रिकामी बसलेली! दुसरीकडे कुठे सापडायची मला?” हा त्यांचा सवाल. मामा सणसरला राहतात. तिकडच्याच एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. मामांनी एक इंग्रजी शब्द धरला. अगदी साधा, पोरासोरांच्या तोंडातला. लाईन.

हा शब्द आपल्याकडे कोणी, कधी आणि कशासाठी आणला, हे त्यांना वहीत उतरवायचं होतं. त्यांच्या मते शब्द मूळचा जवसाचा. “जवसाच्या काडीचा धागा काढायचे. तो ताणला की झाली सरळ रेघ. लॅटिनात त्या धाग्याचं नाव, तिथून इंग्रजीत, तिथून आपल्या वस्तीवर.” हे ते भर जेवणात सांगत होते. मामी नेमक्या जवसाची चटणी वाढत होत्या. म्हणाल्या, “एवढ्या लांबनं आलाय तर आदी जेवू द्या त्याला.”

आमच्या भागात आधी रेल्वेची लाईन आली, मग पोलिसांच्या खोल्यांची, मग रेशनची. विजेचे खांब आले तशी लाईन जायला लागली, आणि ती कधी येणार हे विचारण्यात दोन पिढ्या खपल्या. उसातल्या ठिबकच्या नळ्याही लाईनच. पोरगं नोकरीला चिकटलं की लाईनीला लागलं, आणि त्याआधी ते कॉलेजच्या फाटकापाशी जे करत होतं तीही लाईनच. या शेवटच्या अर्थाच्या तपासासाठी मामा बारामतीत एका कॉलेजबाहेर तीन दिवस वही घेऊन उभे होते. चौथ्या दिवशी वॉचमनचा मला फोन. “ह्ये तुमचं पाव्हणं हायत का ओ? वयाचं काय हाय का न्हाय?” मी धावतपळत जाऊन सोडवून आणलं. माझी मान खाली आणि मामा मात्र खुशीत! वॉचमन त्यांना म्हणाला होता, “आबा, लाईन सोडून हुबं ऱ्हावा,” आणि फाटकासमोर चुन्याने आखलेल्या पट्ट्याचा तो अर्थ त्यांच्या वहीत नव्हता.

वहीचा नियम कडक. ऐकीव माहिती चालायची नाही. ज्याने तो शब्द त्या अर्थाने वस्तीवर पहिल्यांदा आणला, त्याच्याच तोंडून ऐकायचं. तो नसेल तर ज्याने त्याला बोलताना ऐकलं त्याच्याकडून. म्हणून तर हे दहावे. पण आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी किंवा ओढ्याकाठी श्रद्धांजलीची भाषणं होतात. आजी सरपंच, माजी सरपंच, कारखान्याचे संचालक, पाव्हणेमंडळी, झाडून सगळ्यांना दोन शब्द बोलायचे असतात. अशा मांडवात पुढे वही घेऊन बसलेला माणूस म्हणजे बोलणाऱ्यांची यादी करणारा, हे लोक धरूनच चालले. “सर, आमच्या अण्णांचं नाव घ्या,” म्हणत जो तो मामांच्या हातात चिठ्ठी द्यायचा. मामा भिडस्त. नाही म्हणवेना, म्हणून नावं पुकारायलाही लागले. बघता बघता दोन तालुक्यांतले माईक त्यांच्या हाती आले. कावळा पिंडाला शिवून, पोट भरून, घरी जायचा. मामांची यादी काही संपायची नाही.

एकाच गावच्या दहाव्याला ते जात नसत. कन्हेरी. ते त्यांचं स्वतःचं गाव. वहीत एकच पान कोरं होतं, तेही कन्हेरीचंच, पाइपलाइनचं. पूर्वी तिथे रानाला पाटाने पाणी यायचं. जमिनीखालून पाइप घालून वस्तीवर पहिली लाईन केली ती मामांच्या थोरल्या भावाने, दादांनी. त्यासाठी चर खणला तो मामांच्या उभ्या मक्यातून, न विचारता. “विचारायची रीत असते,” मामा म्हणाले. “भावाला कसलं इचारायचं?” दादा म्हणाले. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर भांडण सव्वीस वर्षं टिकलं. मामांनी कन्हेरी सोडली ती सोडलीच, मधे आई गेली तेव्हा तेवढे जाऊन आले. मामी अधूनमधून म्हणायच्या, “या की एकदा जाऊन. त्यांचं वय काय आता कमी हाय का?” मामा वही मिटायचे. एवढं बोलकं माणूस, पण त्या पानाशी आलं की तोंडाला कुलूप. मला फार वाईट वाटायचं. भाऊ असा शेजारच्या तालुक्यात जिवंत असावा आणि त्याला एक शब्द विचारता येऊ नये!

मागच्या फाल्गुनात कन्हेरीचे ज्ञानूतात्या गेले. दादांचा तो चर खणणारे हेच, आणि लहानपणी विहिरीत मामांना पोहायला शिकवणारेही हेच. न जाऊन चालणार नव्हतं. “पार मागे बसू, आणि लगेच निघू,” गाडीवर बसताना मामांनी मला बजावलं. वही मात्र सवयीने काखेत होतीच. झालं! पाच मिनिटांत लोकांनी त्यांना हुडकून काढलं आणि हाताला धरून माईकपाशी उभं केलं. चिठ्ठ्या येत गेल्या, मामा नावं पुकारत गेले. सातवी चिठ्ठी उघडली आणि ते थांबले. मी शेजारीच होतो. चिठ्ठीवर दादांचं नाव होतं.

“माईक बंद पडला का काय?” मागून कुणीतरी विचारलं. बाकी सगळ्यांना ‘श्रीयुत’ लावून बोलावणारा माणूस एवढंच म्हणाला, “दादा, या.”

दादांना एरवी फारसं ऐकू येत नाही, पण कर्ण्यातून आलेलं ते त्यांनी ऐकलं. काठी टेकत आले आणि माईक हातात घेतला. “ज्ञानूनं माजी लाईन खणली. वस्तीवरली पयली. भावाच्या मक्यातनं खणली. ज्ञानू मला म्हनला हुता, दादा, मास्तरला आदी इचारा. म्या न्हाय इचारलं. माजं चुकलं. ज्ञानूचं बराबर हुतं.” मग माईक तसाच तोंडाशी धरून ते मामांकडे वळले. “लिवतुयास न्हवं? लिव की.”

मामांनी वही उघडली. पेनाचं टोपण काही त्यांना निघेना. शेवटी आयुष्यभर शुद्ध बोललेले आमचे सर अख्ख्या मांडवासमोर म्हणाले, “जाऊ दे दादा. मका तसाबी वाळल्यालाच हुता.”

त्या पानावर अजून काही लिहिलेलं नाही. “लिहू की, पळून चाललंय का?” म्हणतात. दहावेही कमी झालेत. दर गुरुवारी बारामतीचा बाजार उरकला की मी त्यांना कन्हेरीला सोडतो. दोघं भाऊ ओट्यावर बसतात. पोरांची लग्नं, मामींचं ऑपरेशन, आई गेली तेव्हा एकाच घरात दोघं दोन कोपऱ्यांत कसे रडले, हे सगळं मामांना सांगायचं असतं. तेही ओरडून, दादांच्या कानाशी तोंड नेऊन. वस्तीला सगळं ऐकू जातं, दादांना निम्मं. न ऐकू आलेल्यालाही ते मान डोलावतात, आणि मामा पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

परवा परतताना त्यांचा घसा पार बसला होता. गाडीवर मागून म्हणाले, “जावईबापू, दहा वर्षं आधी आलो असतो, तर हळू बोलून भागलं असतं.”