शशीबाईंनी माझ्या आठ वह्या कुलपात ठेवल्या

शशीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी सुटकेचा श्वास टाकला.

खरं तेच लिहितोय. आज वर्ष झालं, आता लिहायला हरकत नाही.

शशीबाई चंद्रपूरला कोर्टासमोर टायपिंग करायच्या. अ‍ॅफिडेव्हिट, वाटणीपत्रं, फारकतीचे अर्ज. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. वर ताडपत्री, पुढे टेबल, टेबलाखाली लोखंडी पेटी.

मी घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात, शिफ्ट ड्युटीला. सुट्टी मिळाली की वही घेऊन त्यांच्याकडे.

मला पिक्चर लिहायचे होते. एक नाही, सगळे.

धानोऱ्याच्या जंगलात मोहफूल वेचणाऱ्या बाईचा. कोळसा खाणीतल्या दोन भावांचा. मार्कंड्याच्या नावाड्याच्या बायकोचा.

प्रत्येकाची पंधरा-वीस पानं व्हायची. मग डोक्यात दुसरंच काही चमकायचं आणि मी नवीन वही घ्यायचो.

नवीन वहीच्या पहिल्या पानासारखं सुख नाही. तिथे अजून काहीच चुकलेलं नसतं.

चार वर्षांत नऊ वह्या झाल्या. नववी टाइप करता करता शशीबाई थांबल्या.

"काऊन रे, त्या नावाड्याच्या बायकोचं काय झालं?"

"ते थांबवलं, बाई. हे जास्त भारी आहे."

"मागच्या टायमालेही भारीच होतं."

त्यांनी चष्मा काढला.

"तुये सगळे माणसं रस्त्यातच उभे आहेत. एकही घरी पोचला नाई. तू लिहून राह्यला का पळून राह्यला?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

पुढच्या सुट्टीला सगळ्या वह्या मागवल्या. आठ पेटीत टाकल्या, कुलूप लावलं. नावाड्याच्या बायकोची वही माझ्या हातात दिली.

"हीच काऊन, बाई?"

"मले तिचं पुढं काय होते ते पायजे म्हणून."

एवढंच कारण! मी चार वर्षं 'बेस्ट आयडिया कोणती' यावर डोकं फोडत होतो. पुढचं ऐकायला कोणी थांबलंय का, हे कधी पाहिलंच नव्हतं.

गोष्ट साधी होती. वैनगंगेवर पूल होतो, नाव बंद पडते. नवरा रागात घर सोडून पलीकडे जातो, परत येत नाही. बायको नाव चालवायला शिकते.

मधेच दुसरी आयडिया आली तर? त्यावरही बाईंचा उपाय होता.

"एका वळीत लिहून मले दे. मी सांभाळून ठेवीन अन् तू विसर."

तसंच केलं. साठ पानांपर्यंत गेलो. इतका लांब कधीच गेलो नव्हतो.

आणि तिथेच अडकलो. दोन महिने एक सीन पुढे सरकेना.

तेवढ्यात मुंबईहून ओळखीच्या एकाचा फोन. "जंगलातली वेब सिरीज हवीय. तुझी ती मोहफुलाची गोष्ट आहे ना? पंधरा दिवसांत पाठव."

फर्स्ट शिफ्ट सुटली तशी गाडी काढली आणि थेट कोर्ट गाठलं.

"बाई, मोहफुलाची वही द्या."

मला वाटलं रागावतील. त्यांनी चावी टेबलावर ठेवली.

"घे. तुयीच आहे. फक्त एक सांगून जा. ती नावाड्याची बायको नदी वलांडते का नाई?"

"माहीत नाही."

"बरं," म्हणाल्या आणि टायपिंगला लागल्या.

मी पेटी उघडली. प्रत्येक वहीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यांच्या अक्षरात.

'पान १७. बाई जंगलात एकटी.'

'पान १९. मोठा भाऊ खाणीत अडकला.'

आठही वह्यांवर, मी कोणाला कुठे सोडून आलो ते.

एकेक चिठ्ठी वाचली. मग वही परत ठेवली, कुलूप लावलं, चावी टेबलावर ठेवली. बाईंनी मान वर केली नाही. टायपिंग चालूच.

मुंबईला नाही म्हणून कळवलं. त्यानं पुन्हा फोन केला नाही.

महिन्याभरात बाईंचं टेबल बंद झालं. फोन लावला तर त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं उचलला.

"दादा, आईच्या पोटात गाठ आहे. डॉक्टरनं आता घरीच ठेवा म्हणलं."

"कधी कळलं?"

"दिवाळीत. तीन महिने झाले."

म्हणजे चावी टेबलावर ठेवली तेव्हा त्यांना माहीत होतं.

रजा टाकली. बारा दिवस घरातून हललो नाही, लिहीत राहिलो. चांगलं-वाईट बघितलं नाही, फक्त त्या नावाड्याच्या बायकोला सोडून कुठे गेलो नाही.

तेराव्या दिवशी सकाळी त्यांच्या पलंगाशी बसून शेवट वाचला. ती नाव घेऊन पलीकडे जाते. नवऱ्याला भेटते. सोबत नेलेली भाकर त्याच्यासोबत खाते. आणि परत येते, एकटी. दुसऱ्या दिवसापासून काठावरच्या पोरींना नाव शिकवते.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"एकटीच आली न?"

"हो."

"चांगलं केलं तिनं."

मग पानं हातात घेतली. चाळली.

"इथी 'ओलांडते'वरचं टिंब खाल्लं तू."

प्रज्ञा हसली, मी हसलो. बाईही हसल्या, पोट धरून.

"सुटली बापा मी. आता कोणाची वाट पाहाची नाई."

नऊ दिवसांनी त्या गेल्या.

तो फोन आला तेव्हा डोक्यात एकच होतं. झालं होतं. त्या जायच्या आधी शेवट ऐकवून झाला होता.

अंत्यसंस्कारानंतर हे प्रज्ञाला कबूल केलं. म्हटलं, मला लाज वाटते.

ती म्हणाली, "लाज कायची, दादा? त्या दिवशी तुम्ही गेल्यावर आई वरण-भात जेवली. किती दिवसांनी."

तेव्हा रडलो.

पिक्चर अजून झालेला नाही. दोघांनी स्क्रिप्ट वाचायला नेलीय. होईल तेव्हा होईल.

आज प्रज्ञाकडे बुद्धवंदना झाली. सगळे एकत्र जेवलो. आत्ता घरी पोचलो आणि आधी हे लिहायला बसलो.

शशीबाई, तुमच्या जाण्याचं दुःख आहेच. पण मन शांत आहे.

शेवटचा जय भीम, बाई.