मामींचा झोपाळा

सागवानाचा वास आला की मी थेट तंजावूरला, राजवाड्यामागे सीतामामींच्या दिवाणखान्यात जाऊन पोचतो!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नव्या फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुन्याची चित्रं काढून दाखवायच्या नोकरीला लागलो होतो. ही पहिली ऑर्डर हुकली तर नोकरीही जाणार होती. मामींना लेकीच्या लग्नासाठी सागवानी झोपाळा हवा होता. मी ऐटीत कागदावर खोलीचा मोठा खोका रेखाटला, त्यात फळीचा चपटा खोका, वर चार साखळ्या.

"अय्यो! मागच्या साखळ्या आखूड! जावई उलटा पडेल की रे!"

मला एकदम सुचलं. "मामी, एक डोळा मिटा. हात लांब करून ही पेन्सिल धरा आणि मामांना मोजा."

धिप्पाड मामा तिकडे लांब, पडवीत पेपर वाचत होते. ते अर्ध्या पेन्सिलीत मावले! "लांबचं लहान दिसतं, मामी. मागच्या साखळ्याही तशाच."

"अहो, एवढेसेच तुम्ही? आणि तीस वर्षं मी सगळं तुम्हाला विचारून करते!"

मामा तरातरा निघाले, पावलागणिक मोठे होत.

"तिथंच थांबा हो!" मामी खिदळल्या. "झोपाळा मी ठरवला, तुम्हाला न विचारता."

मी ऑर्डरच्या आनंदात सायकल हाणली. मामींचा आनंद कसला होता, ते माझं लग्न झाल्यावर कळलं.