कुंकू लावलेलं वेटोळं

आमच्या चौलच्या वाडीत वीज नव्हती, पण मला बॅटरीवरचे रेडिओ बांधायचं खूळ होतं. ताई मुंबईला सासरी. तिनं रेडिओवर गायचं कबूल केलं आणि वडिलांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. "लेकीनं परक्यांपुढं गावं?" एवढं म्हणून त्यांनी तिचा विषय कायमचा मिटवला. तिचं गाणं नेमकं खंडेनवमीच्या संध्याकाळी होतं. काही झालं तरी ते या घरात वाजलंच पाहिजे, या हट्टाला मी पेटलो होतो.

रेडिओत सगळ्यात अडेलतट्टू तो व्हॉल्व्ह, आवाज वाढवणारा काचेचा दिवा. त्याच्या आतल्या जाळीला एका छोट्या बॅटरीचा उणे दाब सतत लागतो, नाहीतर आवाज फाटतो. पण त्या बॅटरीच्याच तारेनं मुंबईहून आलेली नाजूक लहर निसटून जाते. म्हणून वाटेत बारीक तारेचं वेटोळं घालायचं. ते दाब जाऊ देतं, लहर अडवतं. एकदा वडिलांनी कधी नव्हे ते विचारलं, "ह्ये कशाला?" मी म्हटलं, "खाडीच्या बांधाला उघाडी असते ना? शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरतीला आत येऊ देत नाही. तसंच हे." ते हूं म्हणून सुपाऱ्या सोलायला बसले.

खंडेनवमीला कोयते, पहारी पाटावर मांडल्या. पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, म्हणून रेडिओ मी मुद्दाम पूजेत ठेवलाच नाही. संध्याकाळी तो लावला, तर नुसती खरखर. मागची फळी काढून पाहतो, तर वेटोळ्यावर ओल्या कुंकवाचा गिलावा आणि वर अक्षता! त्या ओलीतून लहर वेटोळ्याला बगल देऊन पळत होती. माझं डोकंच फिरलं.

"आई, हा उद्योग कुणाचा?"

आईनं वडिलांकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "मीच लावलं. ती त्यातनंच येनार न्हाय का?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके ते मला कधीच आवडले नव्हते.

"मग आता पूजलेलं चालवू?"

"चालव," ते म्हणाले.

वेटोळं पुसलं, शेगडीवर शेकून सुकवलं, परत जोडलं. गाणं निम्मं सरलं होतं, पण आवाज ताईचाच. वडील उठून रेडिओच्या पेटीशी वाकले.

"दमानं गा गो, बाय," ते म्हणाले.

तिला ते ऐकू जात नाही, हे सांगायला आमची कुणाची जीभ रेटली नाही.