खिचडीच्या रांगेतला धक्का

"मास्तर, पोरीला लबाड बोलू नुको. तिना बगलाय, मी पन बगलाय."

"मावशी, तुम्ही खिचडी सांभाळा," मितेश सर म्हणाले. "वस्तू आपटली की आवाज लगेच येतो. हे बघा." दुसरीच्या वर्गाला दाखवलेली टाळी त्यांनी पुन्हा वाजवली. "आला का उशिरा?"

बारा फुटांच्या खोलीत टाळी पिटून आवाजाची चाल पाहणारा गडी शाळेची खिचडी रांधणाऱ्या सगुणानं प्रथमच पाहिला. शिळफाट्याकडच्या गावात तिनं जन्मभर भात झोडलेलं. लांबच्या खळ्यावर पेंढी आदळलेली दिसायची, धप्प मागून यायचं. त्यासाठी डीएड लागलं नव्हतं.

सात वर्षांची उर्वी दाराबाहेर उभी होती. गुन्हा एवढाच, की समोर बांधत असलेल्या टॉवरच्या पायासाठी खांब ठोकणारा हातोडा आधी पडतो आणि आवाज नंतर येतो, असं ती बोलली. माफी मागेपर्यंत वर्गात बसायचं नव्हतं. रडकुंडीला येऊन ती आता मागणारच होती.

"खरा बोललीस नी माफी कशाची गो? थांब." सगुणानं गॅलरीत ताटं घेऊन उभ्या असलेल्या रांगेच्या शेवटी जाऊन आर्यनला हलकेच ढकललं. तो पुढच्यावर, पुढचा त्याच्या पुढच्यावर. सगळ्यात पुढची समीक्षा भिंतीला टेकली.

"तुना धक्का कवा लागला?"

"नंतर!"

"वारा पन असाच रांगेत उबा हाय. हातोडा पयल्याला ढकलतो, त्यो दुसऱ्याला. कानाशी यायला वेल लागतो. डोल्याला रांग नाय, म्हनून आदी दिसता. आन मास्तर, तू आपल्याच टालीला चिकटून उबा, तुना काय कललं?" आगरी बोलीत अहोजाहो नाही, कलेक्टर आला तरी तूच.

समोर हातोडा पडला. "पडला!" पोरं ओरडली. मग धप्प आलं. सरांनी तीनदा पाहिलं.

"हां, अंतरामुळे. पुढच्या धड्यात आहे ते."

धड्यात होतं, डोक्यात नव्हतं.

"सर, माफी मागू?" उर्वीनं विचारलं.

"नको. बस जाऊन," मोबाइलमध्ये तोंड घालून सर म्हणाले.

"आता तू माग की रं तिची!"

सरांना तेवढ्यात स्टाफरूममध्ये काम निघालं. उर्वी ताट घेऊन रांगेत घुसली, ती चक्क समीक्षाच्याही पुढे. मास्तरच्या नादात खिचडी बुडाला लागली होती. पदर खोचून सगुणा टोप खरवडायला बसली.