वारज्याहून आणलेली करवत

अवधूत हिंगणे त्या दिवशी वारज्याला गेला, तो काही नवीन सुरू करायच्या उमेदीनं नव्हे. उमेद त्याच्यात फारशी उरलीच नव्हती. वय पन्नाशीच्या पलीकडे गेलेलं, आणि त्यातला निम्मा काळ झाडांवर गेलेला. हडपसरच्या कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा त्यानं झाडं छाटायचं काम धरलं होतं. सोसायट्यांतल्या वाढलेल्या फांद्या, रस्त्यात आडवे झालेले गुलमोहर, तारांत शिरलेले नारळ. आता सकाळी जाग आली की उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडलेली असायची. ती चोळून चोळून जागी केल्याशिवाय चहाचा कप धरता येत नसे. डॉक्टरांनी बजावलं होतं, मशीनची थरथर हाताला लागू देऊ नका. घरी येऊन त्यानं बायकोला, पूर्णिमाला, ते जसंच्या तसं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेला.

मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. चेनसॉ हे तिचं नाव दुकानात. धंद्यात सगळे नुसतं मशीनच म्हणतात. अवधूतकडे दोन होती, दोन्ही मध्यम. पण अलीकडे शहरात पडणारी झाडं मोठी होती. रस्त्याकडेचे जुने रेनट्री. पाइप टाकायला एका बाजूनं खणायचं, मुळं तुटायची, आणि वाऱ्याची झुळूकही नसताना झाड भर दुपारी लोळण घ्यायचं. असल्या बुंध्यात त्याचं मशीन अर्ध्यावर जाऊन थांबे. मग दुसऱ्या बाजूनं कापायचं, पाचरी ठोकायच्या, पुन्हा पहिल्या बाजूला यायचं. दिवस त्यातच जायचा आणि खांदा रात्रभर ठणकायचा. मोठं मशीन नवीन घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

म्हणून फांद्या वाहून नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं सांगितलं की वारज्याच्या आप्पासाहेबांचं मशीन विकायला काढलंय, तेव्हा अवधूत दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी निघाला.

गप्प बसायला कारण होतं. आप्पासाहेब त्याच धंद्यातले, त्याच्याहून बरेच थोरले. एका कॉलेजच्या आवारातलं मोठं काम अवधूतच्या हाती आलेलं असताना त्यांनी ते काढून घेतलं होतं, आणि वर त्याची झाडावर चढणारी दोन चांगली माणसंही फोडून नेली होती. तेव्हापासून बोलणं बंद. कुठे गाठ पडलीच तर दोघंही झाडाच्या शेंड्याकडे बघत राहायचे. आप्पासाहेबांना अर्धांगवायूचा झटका आल्याचं अवधूतच्या कानावर आलं होतं. बघायला मात्र तो गेला नव्हता.

दार त्यांच्या सुनेनं, शर्मिलानं उघडलं. मशीन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं, गोणपाटाखाली. तीन फुटी पट्टी, तिच्यावर गंजून बसलेली साखळी, आणि दोन हातांनी उचलावं लागेल असं धूड. अवधूतनं दोरी ओढून पाहिली. ती जागची हलली नाही.

"दोन वर्षं कुणी हात लावला नाय," शर्मिला म्हणाली. "जागा अडलीय नुसती. न्या भाऊ तुम्ही."

घासाघीस अशी झाली नाही. मशीन रिक्षात चढवताना आतल्या खोलीतून एक आवाज आला, ओरडण्यासारखा, पण शब्द नसलेला. अवधूत थबकला.

"झोपेत असतील," शर्मिला म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

घरामागच्या पत्र्याखाली त्यानं मशीन उघडलं तेव्हा एवढ्याचसाठी वारज्यापर्यंत गेलो का, असं त्याला वाटलं. हवेच्या जाळीत उंदरानं कापूस भरून ठेवलेला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून डिंकासारखं झालेलं. भुसा आणि तेल यांचा इंजिनावर दगडासारखा थर. पिस्टनवर उभे चरे. हँडलच्या खालची रबरं, जी थरथर शोषून घेतात, ती बोट लावताच चुरा होऊन पडली. पूर्णिमा हॉस्टेलच्या मुलींना पोळ्या करून द्यायची; त्या कणकेची परात घेऊनच ती दारात येऊन उभी राहिली.

"आवो, हे दुरुस्त करणार का ह्याचं श्राद्ध घालणार?"

"बघू," तो म्हणाला.

दिवसभर झाडावर आणि संध्याकाळी मशीनपाशी, असे त्याचे दिवस जाऊ लागले. रॉकेलमध्ये भिजवून, लाकडाच्या काडीनं खरवडून थर काढायचा. सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम पॉलिश पेपरनं हळूहळू घासायचं, जास्त घासलं तर सिलिंडरच वाया जाणार. ह्या कामात त्याला आनंद वाटत होता असं नाही. अर्धवट टाकवत नव्हतं, एवढंच. कधी कधी कानस हातात घेऊन तो तसाच बसून राही. बोटं बधिर झालेली असायची आणि कानस धरलीय की सुटलीय हे डोळ्यांनी बघावं लागायचं.

सुट्या भागांसाठी तो शनिवार पेठेत श्यामसुंदर नावाच्या गृहस्थांच्या दुकानात गेला. त्यांनी पिस्टन चष्म्याजवळ धरून पाहिला, मग अवधूतकडे पाहिलं.

"अहो, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. आपण कुठून उकरून काढलंत?"

"मिळेल का?"

"मिळेल. मागवावा लागेल. घाई असेल तर समोर मिठाईचं दुकान आहे, तिथं सगळं ताबडतोब मिळतं."

पिस्टन आला, रिंगा आल्या, रबरंही आली. पट्टीची पसरलेली खाच त्यानं ठोकून सरळ केली, नवी साखळी चढवली. एका रविवारी त्यानं दोरी ओढली. सहाव्या-सातव्या हिसक्याला मशीन असं गरजलं की शेजारची कुत्री पळाली. पूर्णिमा हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. अवधूतनं एक जुना ओंडका लावला. साखळी त्यात भाकरी मोडावी तशी उतरली. आणि मग, तो दुसऱ्या ओंडक्याकडे वळला न वळला तोच आवाज घसरला, मशीन गुदमरलं, बंद पडलं.

थंड झाल्यावर पुन्हा सुरू झालं. थोडं चाललं. पुन्हा बंद. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर पुन्हा उघडला, इंजिनाची सीलं काढून नवी बसवली. मशीन दर वेळी चांगलं सुरू व्हायचं, भरवसा वाटेपर्यंत चालायचं आणि मरायचं. असे दोन आठवडे गेले. शेवटी त्यानं त्याच्यावर पुन्हा गोणपाट टाकलं.

"भंगारात देतो," तो जेवताना म्हणाला.

"ज्याचं हाय त्याला इचारा की आधी."

"ते बोलत नाहीत माझ्याशी."

"आता कुणाशीच बोलत नसतील," पूर्णिमा म्हणाली, आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

तो चिडला नाही. चिडायलाही जोर लागतो. पुढच्या रविवारी मशीन टेम्पोत घालून तो वारज्याला गेला.

शर्मिलानं त्याला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "परत आणलंत का?"

"नाय. त्यांना एक विचारायचंय."

ती दारातच घुटमळली. मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, त्यांना सांगितलंच नव्हतं विकल्याचं. सांगितलं असतं तर जेवले नसते. त्या दिवशी तुम्ही नेलंत ना, मशीन ओढल्याच्या आवाजावरनं त्यांना कळलं. दोन दिवस तोंड फिरवून होते."

अवधूतला तिथूनच मागं फिरावंसं वाटलं. आपण एका पडलेल्या माणसाच्या घरातून त्याची वस्तू त्याच्या नकळत उचलून नेली, आणि हे करणारे नेमके आपणच निघालो, हे त्याला फार लागलं. पण तेवढ्यात आतून हाक आली, तसलीच, शब्द नसलेली. त्याला आत जावंच लागलं.

आप्पासाहेब खिडकीजवळच्या कॉटवर उशांना टेकून बसले होते. अंगापिंडानं केवढा माणूस. आता सदरा खांद्यावरून ओघळत होता. डावा हात तेवढा शाबूत होता. त्यांनी अवधूतकडे बघितलं आणि म्हणाले, "जा."

अवधूत उभाच राहिला.

"तुम्हाला म्हणत नाहीयेत," शर्मिला घाईनं म्हणाली. "आता तेवढा एकच शब्द येतो त्यांना. पाणी पाहिजे असलं तरी जा, भूक लागली तरी जा."

"आप्पासाहेब," अवधूत म्हणाला, "मशीन मी नेलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं हे मला आत्ता कळलं. सगळं केलंय त्याचं, पण चालता चालता बंद पडतंय. एकदा ऐकता का?"

उत्तराची वाट न बघता त्यानं खिडकीखालच्या अंगणात मशीन ठेवलं आणि सुरू केलं. आप्पासाहेबांनी डोळे मिटले. आवाज सगळ्या गल्लीत घुमत राहिला. समोरच्या गॅलरीत माणसं आली, कुणीतरी हात हलवून बंद करायला सांगू लागलं. अवधूतनं लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं, ठरल्यासारखा, आवाज घसरला आणि मशीन गप्प झालं.

खिडकीतून हात वर आला. आप्पासाहेबांनी बोटं एकत्र करून हवेत काहीतरी पिळलं.

"पाणी देऊ का?" शर्मिलानं विचारलं.

"जा!" त्यांनी कॉटवर हात आपटला. पुन्हा तेच, बोटं जुळवून मनगट फिरवणं. डबा उघडावा तसं.

अवधूत त्या हाताकडे बघत राहिला. मग वाकला आणि त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सैल होताच टाकीनं सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत ओढली. त्यानं झाकण पुन्हा लावून दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला मशीन सुरू झालं.

टाकीत हवा जायचं बारीक भोक बुजलेलं होतं. पेट्रोल कमी होई, पण त्याच्या जागी हवा जात नसे, आणि मशीन उपाशी मरे. इंजिन दोनदा खोलून बसवणाऱ्या अवधूतनं त्या भोकाकडे एकदाही बघितलं नव्हतं. तो मशीन बंद करून तिथंच पायरीवर बसला. वर बघितलं तर आप्पासाहेबांच्या तोंडाची एक बाजू हसत होती. दुसरी नव्हती हसू शकत.

"ठेवून जाऊ का हे इथंच?" त्यानं विचारलं. "तुमचंच आहे."

शर्मिलानं सासऱ्याकडे पाहिलं. अवधूतनं मशीन उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. आप्पासाहेबांनी पट्टीवरून तळहात फिरवला, साखळीचे दात अंगठ्यानं चाचपले. एका दाताशी थांबून नाक मुरडलं; तो नीट घासला गेला नव्हता. मग पट्टीला धरून सगळं मशीन अवधूतच्या बाजूला ढकललं आणि तोंड भिंतीकडे केलं.

उन्हाळा लागता लागता ते गेले. अवधूत अंत्ययात्रेला गेला, मागं उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परत आला.

त्यानंतर महिन्याभरात हडपसरच्या एका सोसायटीच्या दारातच रेनट्री पडला. भिंत चेपलेली, गाड्या आत अडकलेल्या, आणि गॅलरीतून सूचना देणारे भरपूर. अवधूतनं आप्पासाहेबांचं मशीन लावलं. तीन फुटी पट्टी बुंध्यातून एका दमात आरपार गेली. पहिला काप झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर त्याच्या खांद्यातला जोरच सुटला. दुखलं नाही, हातच आपला नाही असं वाटलं. त्यानं मशीन थांबवलं.

इंद्रजीत, त्याच्या टोळीतला चाळिशीचा माणूस, फांद्या बाजूला ओढत होता. बुंध्याचं काम अवधूतनं आजवर कुणाला दिलं नव्हतं.

"ये," तो म्हणाला. "धर हे."

"मी?"

"वजन मशीनला पेलू दे. तू दाबू नको."

इंद्रजीतनं काप लावला. थोडा तिरका गेला. अवधूत पदपथावर बसून राहिला, पांढरी बोटं काखेत दाबून. ओंडका सुटून खाली बसला तेव्हा गॅलरीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि इंद्रजीत ओशाळून हसला.

घरी जाताना टेम्पोतच अवधूतला झोप लागली. पूर्णिमानं दार उघडलं आणि त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"काय खाणार?"

"भात टाक थोडा," तो म्हणाला. "उद्यापासून वर चढणार नाही मी."

"बरं," ती म्हणाली आणि तांदूळ धुवायला घेतले.