वाचून दाखवला, समजावून सांगितला

एम.एस्सी. झाली, नोकरी लागली आणि मग मी घरी सांगितलं की मला लॉ करावंसं वाटतंय. झालं! फुकट सल्ला देणाऱ्या सगळ्यांना काम मिळालं. गल्लीतले निवृत्त सर म्हणाले, ‘‘ज्याला दुसरं काही जमत नाही, त्याने लॉ करायचं.’’ सरांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण सातपुडा कोणत्या दिशेला असं विचारलं तर अजून खिडकीशी जाऊन बघतात. आई म्हणाली, ‘‘काळा कोट घातलेल्या पोरीला स्थळ कोण आणेल?’’ आणि आबा, म्हणजे माझे वडील, दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, ‘‘वकील लागला की तालुक्याला मिळतो. तो घरात कशाला पाळायचा?’’

कप्पाळ! माणसं म्हशीची चौकशीसुद्धा याहून जास्त करतात.

पण माझंही कुठे ठरत होतं? जळगावच्या एका छोट्या पाइप कारखान्यात मी तपासणीला होते. पाइपाचा तुकडा घ्यायचा, दाब वाढवत न्यायचा, कधी फुटतो ते बघायचं आणि रजिस्टरवर सही करायची. आकडा दोनदा वाचल्याशिवाय मी सही करत नसे, आणि त्याचा मला भारी तोरा होता. शेतात पाइप फुटला की शेतकरी आणि कारखाना भांडायचे, माझ्या सहीचा कागद दोघंही नाचवायचे आणि त्याचा अर्थ लावायला तिसराच कोणीतरी कोटवाला यायचा. सही माझी आणि अर्थ त्याचा! तेव्हा डोकं फिरायचं आणि वाटायचं, करावंच लॉ. दुसऱ्या दिवशी वाटायचं, हातची नोकरी सोडून तीन वर्षं पुन्हा बाकावर बसायचं, कशासाठी? तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून गिऱ्हाईक हेरत बसायला?

प्रवेश परीक्षेच्या फॉर्मची मुदत एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली. आता शेवटची, असं तिसऱ्यांदा सांगितलं गेलं आणि ती आखाजीच्या तिसऱ्या दिवशी संपणार होती. मी अर्धा फॉर्म भरून ठेवला होता. उरलेला अर्धा गावी जाऊन भरू किंवा सोडून देऊ, असं म्हणत मी धुळ्याच्या बसमध्ये चढले. आमचं गाव त्याच रस्त्यावर आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. आबांची थोरली बहीण, आमची अक्का, धुळ्याहून दरवर्षी येते. झाडाला झोका बांधलेला असतो, आमरस असतो, खापरावरची पुरणपोळी असते. साठी उलटली तरी अक्का झोक्यावर बसल्याशिवाय राहत नाही, आणि उंच गेला झोका की आजूबाजूच्या पोरींपेक्षा मोठ्यानं ओरडते. आजोबा गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी. अक्का झोक्यावर बसली, पण ओरडली नाही. मला वाटलं, वडिलांची आठवण येत असेल.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, ‘‘चला, तालुक्याला जाऊन येऊ. शेतावर बाबांच्या जागी वारसांची नावं लावायची आहेत. अक्काची सही लागते. तूही चल, साक्षीदार लागतो.’’ अक्काला त्यांनी नवी कोरी साडी नेसायला लावली. कचेरीत जायला नवी साडी कशाला, असा प्रश्न माझ्या एवढ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही.

कचेरीबाहेर लिंबाखाली वकीलसाहेब तयारच होते. कागदही तयार होता. ‘‘ताई एम.एस्सी. का? मग तर फारच छान!’’ म्हणत त्यांनी थुंकी लावून पानं उलटली आणि बोट ठेवत गेले. ‘‘इथे. इथे. आणि इथे.’’ मी कागद जवळ ओढला, तेवढ्यात आबांनी खाकरून घेतलं. आमच्याकडे घरच्या माणसानं पुढे केलेला कागद वाचत बसणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. तोंडाने कोणी तसं सांगत नाही, सांगावंही लागत नाही. पाइपाचा आकडा दोनदा वाचणारी मी, तिथे तीन सह्या ठोकून मोकळी झाले. वर साहेबांना ऐकवलंही, की मी लॉ करायचा विचार करतेय. ते हसले. ‘‘एवढ्या उन्हात काळा कोट? नका नादी लागू, ताई.’’

आत अक्काचा फोटो झाला, अंगठा झाला. मग टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘‘आजी, कागद वाचलाय ना? मान्य आहे ना?’’

अक्कानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, चांगलं टक लावून. मला वाटलं बिचारी त्या मशीनला आणि कॅमेऱ्याला घाबरली. तिला धीर यावा म्हणून मीच पुढे झाले आणि ठणकावून म्हणाले, ‘‘हो, हो. वाचलाय. मान्य आहे.’’

मग अक्का म्हणाली, ‘‘हा. मान्य शे.’’

परत येताना आबांनी रसवंतीवर थांबवून आम्हाला उसाचा रस पाजला. इतके खुशीत मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते. कागदाची झेरॉक्स काढायला त्यांनी मलाच समोरच्या दुकानात पाठवलं. दुकानात गर्दी होती. हाताला काही काम नव्हतं म्हणून मी तो कागद वाचला. आधी नाही, सही केल्यावर!

वर ठसठशीत लिहिलं होतं, हक्कसोडपत्र. वडिलांच्या शेतजमिनीतला आपला सगळा हिस्सा अक्का स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, भावाला सोडून देत होती. पुन्हा कधी हक्क सांगणार नव्हती, तिची मुलंही सांगणार नव्हती. आणि खाली: सदरचा दस्त लिहून देणार यांना साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवला व समजावून सांगितला. त्याच्याखाली माझी सही. वळणदार, एम.एस्सी. झालेली.

घरी आल्या आल्या मी आबांना ओसरीवर गाठलं. ‘‘तुम्ही वारसांची नावं म्हणाला होतात!’’

‘‘मग लागतीलच ना नावं. आता एकच लागेल.’’ आबा जराही गडबडले नाहीत. ‘‘बहिणी कधी वाटा मागतात का? दर आखाजीला येते, साडी मिळते, आंब्याची पेटी नेते. अजून काय पाहिजे?’’ मग माझ्यावर उपकार केल्यासारखे म्हणाले, ‘‘मी विचार केला. कर तू लॉ. घरात कागद समजणारं कोणी असलेलं बरं. तुझ्या लग्नाआधी भावाच्या नावे तुझाही असाच एक कागद करावा लागेल. बाहेरचा माणूस कशाला?’’

घ्या! ज्या परवानगीसाठी महिनाभर तोंड वाजवलं, ती अशी मिळाली. माझ्या बापानं माझ्याकडूनच माझाच गळा कापून घ्यायचं ठरवलं होतं, आणि तेही घरच्या घरी. मला त्यांचा संताप आला, त्या लिंबाखालच्या थुंकीबहाद्दराचा आला. असलं शिक्षण घ्यायचं? हाच कागद पुढच्या अक्कासाठी लिहायला? चुलीत घाला तुमचं लॉ, म्हणत मी फोन उघडला. अर्धा भरलेला फॉर्म काढून टाकायचा आणि विषय संपवायचा, एवढंच डोक्यात होतं.

पण आधी अक्काला सांगणं भाग होतं. ती मागच्या दारी झोक्यावर बसली होती, नव्या साडीतच. झोका हलत नव्हता. मी शेजारी उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलले. कागद वारसनोंदीचा नव्हता, तुझा हिस्सा गेला, मी वाचलाच नव्हता, मी खोटं बोलले, मला माफ कर. मला रडू यायला लागलं. अक्काला आता धक्का बसेल, तिला पाणी आणावं लागेल, असंही मनात येऊन गेलं. कीव करायची माझी तयारी जय्यत होती.

अक्कानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘माले वाचता येस. चौथी पास शे मी. त्यानी तठे टेबलवर ठेवा व्हता ना कागद, तवयच मी बठ्ठं वाचेल व्हतं.’’

‘‘सगळं वाचलं होतंस, मग मान्य का म्हणालीस?’’

‘‘भाऊना म्होरे मी काय बोलू? माले माहेर नको का?’’ तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘‘त्या बाईनी इचारं, तवय मी तुनाकडे देखत व्हती. म्हनं, आते बोलशी, मंग बोलशी. इतली शिकेल पोर शे. तुले काय भ्याव व्हतं? तू काब्र नही बोलनी?’’

मी का नाही बोलले, हे ती मला विचारत होती. महिनाभर मी सरांना हसले, आबांना हसले, वकिलाला हसले. त्या कचेरीत तोंड उघडण्याची वेळ एकाच माणसावर आली होती आणि त्या माणसानं तोंड उघडून खोटं सांगितलं. तो कागद आता मोडता येईल का, असं अक्कानं मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं, कारण मला माहीतच नव्हतं.

मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सकाळी मी अक्काला धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं. आंब्याची पेटी तिच्या पायाशी ठेवली. मग स्टँडवरच्या बाकावर बसून फोनवर तो अर्धा फॉर्म उघडला. नाव, पत्ता, मार्क, सगळं भरलं. शेवटी नेहमीची चौकट होती: वरील सर्व माहिती मी वाचली असून ती मला मान्य आहे. आजवर अशा चौकटीत मी डोळे झाकून टिचकी मारत आले होते.

मी पुन्हा वर गेले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. जळगावच्या दोन बस निघून गेल्या.