ताईंचे चार प्रश्न

व्यसनमुक्ती केंद्रात भरतीचा फॉर्म भरायचं काम बारा वर्षं ताईंकडे होतं. मी तिथला समुपदेशक, पण खरी विचारपूस त्यांच्याच टेबलावर व्हायची. माणूस दारातून आत आला की ताई त्याला मनातल्या मनात दोनपैकी एका खणात टाकत: पुडीवाला की गोळीवाला.

पुडीवाले म्हणजे हेरॉइनचे. ते बहुधा एकटे येत, हातात पिशवीसुद्धा नसे. ताई त्यांना एका दमात चार प्रश्न विचारत. "किती? कधीपासून? ओढतोस की टोचतोस? शेवटचं कधी घेतलंस?" तेही पटापट सांगत, लपवण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलेलंच नसे. गोळीवाले म्हणजे डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या दुखण्याच्या गोळ्यांत अडकलेले. ते इस्त्रीच्या कपड्यांत, बायकोसोबत, जाडजूड फाइल घेऊन येत आणि बसायच्या आधीच बजावत, "व्यसन नाही हो, औषध आहे." त्यांना ताई खुर्ची देत, अहोजाहो करत आणि फाइलमधल्या चिठ्ठीवरून आकडा उतरवून घेत. विचारत काहीच नसत. मी एकदा हटकलं तर म्हणाल्या, "चांगल्या घरची माणसं आहेत. उगाच कशाला लाजवायचं?" मला राग आला, पण त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या.

मग एका सकाळी तशीच फाइल घेऊन त्यांचे सख्खे दादा आले. नकाशे काढणारा माणूस, मणक्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून गोळ्या चालू. वडिलांमागे यांनीच ताईंना शिकवलं होतं. ताईंनी मान वर न करता लिहिलं, दिवसाला चार गोळ्या. डॉक्टरांनी त्या बेताने उपचार सुरू केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा कपडे भरायला लागले. दरदरून घाम फुटलेला, नाक वाहतंय, हात इतके थरथरत होते की पिशवीची चेन लागेना.

"मी काही या लोकांतला नाही, चिमे. मला घरी जाऊ दे."

ताई गयावया करू लागल्या. असे अर्ध्यावर उठून गेलेले दोघे त्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर पडले होते आणि महिन्याच्या आत मेले होते. आता दादाही जाणार, या भीतीने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

शेजारच्या खाटेवर एक रंगारी होता, पुडीवाला, तिसऱ्यांदा भरती झालेला. तो पडल्या पडल्या म्हणाला, "ताई, हा घाम चार गोळ्यांचा नाही. मला विचारलंत ते यांनाही विचारा की."

सोनाराने कान टोचावेत ते असे. ताई फॉर्म घेऊन आल्या आणि दादांसमोर स्टुलावर बसल्या. पहिले दोन प्रश्न कसेबसे विचारले, दादा पिशवीच्या चेनशी झटत राहिले. मग तिसरा.

"ओढतोस की टोचतोस, दादा?"

दादांनी पिशवी खाली ठेवली. "टोचतो. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायची बंद केली तेव्हापासून पुडीच. आठ महिने झाले."

चिठ्ठीवरची तारीखही आठ महिन्यांपूर्वीचीच होती. ती ना ताईंनी पाहिली होती, ना मी.

ताईंनी चार गोळ्या खोडून नवं लिहिलं. त्या रडत होत्या, पण अक्षर नीट येत होतं.

"काल का नाही रे सांगितलंस?"

"सांगायलाच आलो होतो," दादा म्हणाले. "तू विचारशील म्हणून वाट बघत होतो."